ग्रंथपालांचं भाषण कुठे गेलं?

ग्रंथपालांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, की या विषयावर आपल्याइतकं वाचलेला माणूस समितीला दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. विषय होता ‘नवं तंत्रज्ञान आणि माहितीचा पूर’. भाषण दहा मिनिटांचं, पण त्यावर कार्डांच्या कपाटाचं भवितव्य ठरणार होतं. ऐंशी खणांचं लाकडी कपाट, आणि त्यात दर पुस्तकामागे एक कार्ड. समितीला ते हलवून तिथे चार संगणक मांडायचे होते. कपाट गेलं की ते जपणाऱ्या बाईंची रवानगी तळघरात होणार, आणि ते ग्रंथपालांना मुळीच नको होतं.

म्हणून ते महिनाभर वाचत सुटले. एका लेखात होतं, पडद्यावर वाचू नका, काही लक्षात राहत नाही. त्यांनी सगळं छापून घेतलं. दुसऱ्यात होतं, छापणं म्हणजे झाडांवर कुऱ्हाड. त्यांनी छापणं थांबवलं आणि हाताने टिपणं काढायला घेतली. तिसऱ्यात होतं, टिपणं काढणारा माणूस विचार करत नाही. हे त्यांना इतकं पटलं, की त्यांनी लगेच त्याचं टिपण काढलं. फोनमुळे माणूस मूर्ख होतो हे सकाळी पटे, शहाणा होतो हे दुपारी. जेवताना बायकोने विचारलं, “पण मग तुमचं म्हणणं तरी काय?” ते म्हणाले, अजून अकरा लेख राहिलेत, मग सांगतो.

अखेर त्र्याण्णव टिपणं झाली. ती त्यांनी वर मथळा देऊन ग्रंथालयाच्या कोऱ्या कार्डांवरच लिहिली होती, हाताशी होती म्हणून. सभेच्या दिवशी गठ्ठा क्रमाने लावून टेबलावर ठेवला आणि ते समितीला घ्यायला फाटकापाशी जाऊन उभे राहिले. समिती अर्धा तास उशिरा आली. परत येऊन पाहतात तो टेबल लख्ख.

“बाई, इथली कार्डं?”

“लावली की,” बाई म्हणाल्या.

सुटं कार्ड दिसलं की बाईंना चैन पडत नसे. पाहुणे यायचे म्हणून त्यांनी टेबल आवरलं होतं, आणि त्र्याण्णवच्या त्र्याण्णव कार्डं मुळाक्षरांप्रमाणे कपाटातल्या चाळीस हजार कार्डांत सरकवली होती!

ग्रंथपालांच्या पायाखालची जमीन सरकली. बोलायला उभे राहिले तर पहिलं वाक्य आठवेना. दुसरं आठवलं, पण ते पहिल्याच्या विरुद्ध असावं असं वाटलं. “फोन...” म्हणून ते अडखळले, तोच बाईंनी ‘फ’चा खण ओढला आणि फुलशेती व फौजदारी कायदा यांच्या मधून दोन कार्डं काढून त्यांच्या हातात ठेवली. एकावर तोटे, एकावर फायदे. त्यांनी दोन्ही वाचली. समितीने मान आधी उभी हलवली, मग आडवी.

पुढे असंच चाललं. ते शब्द उच्चारत, बाई खण ओढत. एका सदस्याने परीक्षा म्हणून ‘झोप’ मागितली. त्याचा फोन उत्तर शोधत होता तोवर बाईंनी टिपण आणि त्या विषयावरच्या तीन पुस्तकांची कार्डं त्याच्यापुढे ठेवली. सदस्याने फोन खिशात घातला.

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “कपाट काम करतं, हे दिसलं. पण ग्रंथपाल, या सगळ्यावर तुमचं स्वतःचं मत काय?”

ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. त्या मथळ्याचं कार्ड त्यांनी टिपणांच्या अगदी पहिल्या दिवशी केलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. बाईंनी ‘म’चा खण ओढला, मधमाश्या ओलांडल्या, माठाच्या अलीकडे थांबल्या आणि कार्ड थेट अध्यक्षांना दिलं.

अध्यक्षांनी ते पाहिलं. मग उलटं करून पाहिलं. वर ठळक अक्षरांत ‘माझं मत’ असं लिहिलेलं, आणि खाली काहीच नाही. वाचनातून ते लिहायला सवड कुठे मिळाली होती!

“कपाट वर्षभर राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “तेवढ्यात हे भरून ठेवा.”

बाईंनी ते कार्ड त्यांच्या हातातून घेतलं आणि होतं तिथे परत लावून टाकलं. ग्रंथपालांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात केली. घरी गेले ते मत कसं बनवावं यावरचे चौदा लेख काखोटीला मारून.