दृश्य प्रगती : दहापैकी नऊ

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिची वर्षातून एकदा समक्ष पाहणी झालीच पाहिजे, याबद्दल कोणत्याही सुसंस्कृत संस्थेत दुमत नसते. आमच्या संस्थेत तर त्यासाठी तीन जणांची समितीच आहे. मी तिचा सचिव. (समितीला जे वाटले ते कागदावर आणणे हे माझे काम. काहीच वाटले नसेल, तर तेही.)

पाहायची वस्तू म्हणजे एक फिल्म. लवचीक प्लास्टिकवर धातूच्या ऑक्साइडचा थर चढवायचा. इतका पातळ, की आरपार दिसावे आणि तरी त्यातून वीज वाहावी. घडी घालून खिशात टाकायचे पडदे अशाच फिल्मवर चालणार म्हणे. ती बनवते आमची फिल्मवाली ताई. सहा वर्षे ती हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीपुढे बसून आहे, आणि सहाही वर्षे हंगामी. पाहणीत दहापैकी पाच गुण पडले तर मुदतवाढ, नाहीतर घरी. घरी सासूबाई असतात. "दिवसभर करतेस तरी काय गं?" हा त्यांचा प्रश्न समितीच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नाही.

यंदा ताईने कमाल केली. फिल्म पेन्सिलीभोवती दहा हजार वेळा गुंडाळली, तरी वीज जशीच्या तशी. तिने ती पांढऱ्या कागदावर ठेवली आणि समिती वाकून पाहू लागली.

"कुठंय?" अध्यक्षांनी विचारले.

"ही काय, सर."

"हे प्लास्टिक आहे."

"त्याच्यावर आहे, सर. दिसत नाही, तेच तर..."

अध्यक्षांनी चष्मा काढला. (गुण शून्य.) परत घातला. (गुण शून्य.) आमच्या तक्त्यात 'दृश्य प्रगती' असा रकाना आहे, न दिसणाऱ्या प्रगतीची सोय नाही. ताईने मीटर लावून दाखवला. त्यावरचे आकडे हलले, तेव्हा मीटर उत्तम स्थितीत असल्याची नोंद मी केली. तिने तारा काढून पुन्हा एकदा लावून दाखवल्या. मला फार वाईट वाटले, पण त्यालाही रकाना नव्हता.

तेवढ्यात दुसऱ्या सदस्यांची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली. "अहो, ही काय आहे? छान दिसतेय की!"

ती फिल्म पेटीत ऑक्सिजन सोडणारी नळी तुंबली त्या दिवशीची. काळपट तपकिरी. दोनदा वाकवली की तडे, आणि वीज बंद.

"ती बिघडलेली आहे, सर," ताई म्हणाली.

"बिघडलेली का होईना, दिसतेय ना!"

दहापैकी नऊ. (एक गुण डब्यात ठेवल्याबद्दल कापला.) शेरा : 'प्रगती लांबूनही दिसते. पुढील वर्षी अन्य रंगांत प्रयत्न व्हावा.'

ताईला मुदतवाढ मिळाली. तेव्हापासून ती नळी तुंबलेलीच ठेवते. चांगली फिल्म तिने घरी नेली. सासूबाईंनी ती पिठाच्या डब्याच्या तोंडाला बांधली. घट्ट बसली म्हणतात.

तुम्ही हसलात, ठीक आहे. आमचे अध्यक्ष अडाणी, तुम्ही जाणकार. मागे नवा मोबाईल घ्यायला तुम्ही दुकानात गेला होतात. दुकानदाराने तो हातात दिला, तुम्ही पडद्यावर बोट फिरवले. त्या बोटाखाली, असाच न दिसणारा थर होऊन, कुठल्यातरी ताईची सहा वर्षे पसरलेली होती. आणि तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतो?

"दुसऱ्या रंगात नाही का?"