राणीच्या भूमिकेत महाराज

एका जंगलात, मुलांनो, नाटकाचं भारी वेड होतं. दर वसंतात तिथे एकच नाटक व्हायचं, 'मृगराजविजय'. त्यात सिंहमहाराज रानम्हशीची शिकार करायचे आणि पिंगलाराणी निरांजन ओवाळून म्हणायची, "नाथ, मी धन्य झाले." की पडदा.

खरी शिकार रोज पिंगलाच करायची. महाराज जेवायला यायचे. पण नाटक ते नाटक.

पिंगलेला गाणं यायचं. कुणाला माहीत नव्हतं, कारण त्या एका वाक्याला चाल नव्हती.

त्या वर्षी दिग्दर्शक कोल्होबा परमुलूख हिंडून आले. खांद्याला झोळी, डोळ्यांत नवे विचार.

"हे नाटक आता स्त्रीवादी करायचं," ते म्हणाले. "आणि तेही संगीत. शिकार राणी करणार, पदं राणी गाणार. राजानं सिंहासनावर बसून फक्त म्हणायचं, प्रिये, मी धन्य झालो."

पिंगलेला आभाळ ठेंगणं झालं. शिकारीला जाताना ती ताना घेऊ लागली. हरणं आधीच पळून जायची, पण तिला त्याचं काही वाटेना.

तालमीच्या पहिल्या दिवशी महाराज नऊवारी नेसून हजर.

"मुख्य भूमिका राजाची, हा आपला रिवाज," ते म्हणाले. "आता राणीचीच भूमिका मुख्य झाली, त्याला मी काय करू?"

"पण बाईचं दुःख..." पिंगला म्हणू लागली.

"ते पुरुषालाच नीट दिसतं, राणीसाहेब," कोल्होबा म्हणाले. "लांबून."

पिंगलेला वाळल्या गवताची आयाळ लावून सिंहासनावर बसवलं. वाक्य पुन्हा एकच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रयोगाला जंगल लोटलं. या जंगलाचा एक नियम होता, मुलांनो. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला की नाही म्हणायचं नाही. मागे एका हरणाला त्यापायी उठून उठून मरावं लागलं होतं.

महाराजांनी पदर खोचला आणि 'मी न कुणाची दासी' हे पद सुरू केलं. अस्वलानं तबला सोडून कान झाकले. मग आली तुळसाबाई रानम्हैस. एरवी महाराजांनी डरकाळी फोडली की ती सुबक मरायची. यंदा कोल्होबांना अस्सल शिकार हवी होती. तिनं धावून यायचं, राणीनं झेप घ्यायची, मग मरायचं.

तुळसाबाई धावून आली. महाराजांनी जन्मात झेप घेतली नव्हती. कासोटा सावरत ते सिंहासनामागे पळाले.

"पिंगले, हिला आवर!"

प्रेक्षकांना वाटलं, हेच नवं नाटक. "वन्स मोअर!"

तुळसाबाई नियमाची पक्की. ती मागे गेली आणि पुन्हा धावून आली. महाराज पुन्हा पळाले. पुन्हा वन्स मोअर. माकडं हसून हसून फांद्यांवरून गळून पडली.

पिंगलेला हसू आवरेना. तिनं गवताची आयाळ भिरकावली, खाली उतरली आणि महाराजांचं अर्धं राहिलेलं पद उचललं. वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं. अस्वलानं धावत जाऊन तबला धरला. शेवटच्या तानेला तिनं झेप घेतली आणि तुळसाबाई इतकी सुंदर मेली की तिचे सासरचेही रडले. त्यानंतर किती वन्स मोअर झाले ते विचारू नका. पिंगला गातच राहिली. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून महाराजांना शाल आणि नारळ मिळाला. "राणीसाहेबांची साथही बरी होती," कोल्होबा भाषणात म्हणाले.

संध्याकाळी महाराज शाल पांघरून जेवायला बसले.

"पिंगले, वाढ."

"काय वाढू?" गवताच्या काड्या केसांतून काढत ती म्हणाली. "शिकार आता तुम्ही करता. अख्ख्या जंगलानं टाळ्या वाजवल्यात."

आणि तुळसाबाईला घेऊन ती तळ्याकाठी नव्या पदाला चाल लावायला गेली. महाराजांनी नारळाकडे पाहिलं. तो त्यांना फोडता येत नव्हता.

तात्पर्य : बायकांची बाजू नेहमी पुरुषांनीच मांडावी. शाल-नारळ हमखास मिळतो. जेवून मात्र आधीच घ्यावं.