फक्कीची भिंत

या, जवळ या. उंबऱ्यात उभं राहून कधी कुणाची गोष्ट ऐकतात का? आणि आधी एक बोलून घेते, राग मानू नका. अंबाजोगाईला जाता-येता केजला जीप बदलता, अर्धा अर्धा तास चहा पीत बसता, पण आजवर आमच्या गल्लीत वळायचं म्हटलं की तुमचे पाय दुखायचे. आधीच वळला असता तर मन्मथअप्पांनी तुम्हाला केव्हाच झापलं असतं. भिंतीतून आलात म्हणून.

आमच्या ह्यांना झापलं होतं. आमच्या घराला लागून अप्पांचा रिकामा प्लॉट. तेव्हा गावाबाहेरच्या शेतांचे प्लॉट पडत होते आणि जो तो एकेक घेऊन ठेवत होता. एक दिवस आमचे हे सवयीप्रमाणे तो प्लॉट तिरका तुडवत घरी निघाले, तर मागून आवाज आला, "ओ गुरुजी, भिंतीतून कावून चाललात? दार हाय की तिकडं."

ह्यांनी खाली पाहिलं. पायाशी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची रेघ होती. माणूस मास्तर, रेघेला मान देणारा. मुकाट मागं फिरले, रेघेत सोडलेल्या फटीतून आत गेले, आणि घरी येऊन मला म्हणाले, "मी आत्ता अप्पांच्या स्वयंपाकघरातून आलो. चपला काढायला हव्या होत्या का गं?"

अप्पांचं बाजारात दोरखंड, खिळे आणि चुन्याचं दुकान. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल, खिशात सुतळी. फक्की तर घरचीच. राहायला दुकानामागच्या दोन अंधाऱ्या खोल्या, म्हणून हा प्लॉट घेतलेला. दुकानाच्या सुट्टीदिवशी अप्पा आणि त्यांची बायको गिरजाक्का पिशवी भरून यायचे आणि अप्पा घर आखायचे. आखायचे म्हणजे काय, चार वर्षं आखत होते. पूर्वेची मोरी पश्चिमेला गेली, देवघर तीनदा हललं, जिना एकदा आमच्या हद्दीत येऊन परत गेला. कुणी विचारलं, बांधकाम कधी, की एकच उत्तर, "घाई कावून? भिंत अजून मनात बसली न्हाई."

सगळा जीव मात्र दोनच खोल्यांत, स्वयंपाकघर आणि जेवणघर. त्यांच्यातलं अंतर अप्पा फुटात मोजत नव्हते, भाकरीत मोजत होते. "तव्यावर फुगलेली भाकर ताटात फुगलेलीच पडली पाहिजे, वैनी. बसली म्हंजी नकाशा चुकला." त्यासाठी कोपऱ्यात खरीच तीन दगडांची चूल मांडलेली. अक्का भाकरी करायच्या, अप्पा समोर दोन हातांवर पाट टाकून बसायचे. पण मधी फक्कीची भिंत, म्हणून भाकरीला दारातून वळसा. अक्कांनी एकदा सरळ हात लांबवला, तर अप्पांनी ताट मागं घेतलं. भिंतीतून भाकर येते व्हय?

मग मला बोलावणं यायचं, कारण अप्पांच्या हिशेबानं पुढं येणारी सून माझ्या उंचीची असणार होती. "पळू नका वैनी. सासरा म्होरं बसलाय, डोईवर पदर हाय, तसं चाला." मी चालायची. अप्पा भाकरीकडं वैद्य नाडी बघतो तसे बघायचे आणि म्हणायचे, "सातव्या पावलाला बसली." की पुन्हा सुतळी, पुन्हा फक्की, दार हातभर अलीकडं. आठवडाभरात शेळ्या येऊन जेवणघर पुसून जायच्या, मग पुढच्या सुट्टीला पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, येडाच माणूस. मीही लई हसायची. ते हसू एका दुपारी थांबलं.

गिरजाक्कांचं एक होतं. नवी नवरी असताना सासूनं बजावलं होतं, बाईनं धन्याच्या नजरेसमोर घास उचलायचा नाही, मधी भिंत पाहिजे. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अक्कांनी नेम मोडला नाही. अप्पा जेवून दुकानात गेले की अक्का भिंतीमागं बसून निवलेलं खायच्या. अप्पा म्हणायचे, "भिंतीला कान असतात म्हनं. डोळे असते तर तिला इचारलं असतं, ही पोटभर जेवती का न्हाई."

त्या दुपारी मी मागच्या दारात शेंगा फोडत होते. अक्कांनी शेवटची भाकरी तव्यावरून काढली. अप्पांच्या ताटात येसराची आमटी वाढलेली, पण अप्पा हात लावेनात.

"जेवा की, निवतंय," अक्का म्हणाल्या.

"तू बी घे."

"कुठं घेऊ? तुमच्या म्होरं?"

"म्होरं कुठं? मधी नऊ इंची भिंत हाय. दिसत न्हाई का तुला?"

अक्का त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गिलावा झालाय का?"

"दोन्ही बाजूंनी."

"मंग ठीक हाय."

आणि अक्कांनी ताटलीत भाकरी घेतली, पदर पुढं ओढला आणि पहिला घास खाल्ला. गरम होता, तोंडात इकडून तिकडं फिरवत होत्या. अप्पांचा हात ताटातच राहिला होता.

"बघू नका," अक्का म्हणाल्या.

"भिंतीकडं बघतोय."

मी शेंगांचं सूप उचलून आत गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, चार वर्षांत सगळं घर हललं, पण ही एक रेघ कधी हलली नव्हती. आणि भिंत मनात का बसत नव्हती तेही कळलं. मनात बसली की ती विटांची झाली असती.

ती झालीच शेवटी. मुलगा शिवराज अंबाजोगाईला नोकरीला लागला, त्याचं लग्न ठरलं. "अप्पा, किती दिवस रेघोट्या मारणार?" म्हणाला, आणि पोरानं सहा महिन्यांत घर उभं केलं. पोरगं गुणाचं, बापाचं सगळं ऐकलं. गॅस, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, जेवणघरात सहा खुर्च्यांचं टेबल, आणि मधल्या भिंतीत वाढायला झडपेची खिडकी. भाकरी दोन पावलांत ताटात, टम्म फुगलेली. "अप्पा, नकाशा पास," शिवराज म्हणाला. आणि मायेनं त्यानं आजीचा, अक्कांच्या सासूचा, फोटो लावला, चंदनाचा हार घालून, नेमका त्या खिडकीवर.

खिडकीतून अक्कांचा हात यायचा, हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसायच्या. वाढून झालं की झडप बंद. सगळ्यांचं उरकलं की आत ओट्याशी उभ्यानं दोन घास. शिवराजनं खुर्ची ओढून दिली, सून रुसून बसली. अक्का फोटोकडं मान करून म्हणायच्या, "त्या हायेत की तिथं."

महिनाभरानं मागच्या अंगणात अप्पा सुतळी घेऊन वाकलेले दिसले.

"काय आखता अप्पा?"

"गोठा."

गाय त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. दुपारी पाहिलं तर गोठ्यात दोन पाट, मधी ताजी पांढरी रेघ, आणि पलीकडं अक्का, मांडीवर ताटली घेऊन. त्यानंतर सुट्टीची ती दुपार आली की मी माझं मागचं दार लावून घ्यायची. भिंत असली म्हणून काय झालं, शेजाऱ्यानं बघू नये.

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. शिवराज अंबाजोगाईला चला म्हणतो, अप्पा हलत नाहीत. रेघ अजून मारतात. आता भिंत वाकडी येते. परवा मी भाकरी घेऊन गोठ्यात गेले, दारातूनच गेले, तर अप्पा त्यांच्या जागेवर नव्हते. रेघ ओलांडून अक्कांच्या पाटावर बसले होते, समोरच्या आपल्या रिकाम्या पाटाकडं तोंड करून.

"अप्पा, आज स्वयंपाकघरात कसे?"

"तिला हितून मी कसा दिसत व्हतो, ते बघतोय."

मी ताटलीत भाकरी ठेवली. अप्पांनी तिला हात लावला नाही. म्हणाले, "लई लांब दिसतंय वैनी. मी तर दोनच हात आखलं व्हतं."

समोरच्या पाटावर बसायला माणूस पाहिजे हो. मी बसले असते, पण मग भाकरी कोण आणणार? म्हणून म्हणते, पुढच्या खेपेला केजला उतरलात की चहाच्या गाड्यावर रेंगाळू नका, तडक इकडं या. लवकर या, जेवायलाच या. एवढं मात्र ध्यानात ठेवा, भिंतीतून येऊ नका. दार उजव्या हाताला आहे.