काचेखालचा क्रिस्तोफर

एडविनला आईचं ऐकायचंच नसतं. विमानं काय कमी आहेत? पण धाकट्या लेस्टरच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आरुशाला जायचं, तर म्हणे गाडी दुबईहून बोटीनं मोम्बासाला पाठवायची आणि केनियाची बॉर्डर ओलांडून टांझानियात शिरायचं!

"मम्मी, ओमानला जातो ना आपण? तसंच."

"ओमानला गाडीचा पासपोर्ट काढला होतास?"

या वेळी तोही, म्हणजे गाडी परदेशात न्यायचा परवाना, काढून झाला होता. "सगळं चेक केलंय. तू फक्त बोंबील कमी घे."

हे विल्माबाईंना लागलं. बोंबील मोजणारा मुलगा गाडीत देव ठेवायला साफ विसरला होता! त्या चावी घेऊन पार्किंगमध्ये उतरल्या. एडविनची आणि सून कॅमिलाची, दोन्ही गाड्या पांढऱ्या, एकाच मॉडेलच्या. विल्माबाई एडविनची गाडी आतल्या कचऱ्यावरून ओळखत. काचेखाली कोपऱ्यात एक छान सपाट पट्टी दिसली. देवासाठीच केलेली जागा! प्रवाशांचा राखणदार संत क्रिस्तोफर त्यांनी तिथं फेविक्विकनं पक्का बसवला.

दुसऱ्या दिवशी बोटवाल्या एजंटचे अलीमियाँ आले. ते नंबरावर नुसती नजर टाकून शिक्का मारणारे. काचेतून वाकून बघितलं आणि थबकले.

"हबीबी, चॅसी नंबर किधर है?"

एडविननं बॉनेट उघडलं. सीट उचलली. इस्त्रीच्या शर्टानिशी गाडीखाली शिरला. नंबर कुठंच सापडेना.

"गाडी चोरी की तो नहीं?" अलीमियाँचा आवाज बदलला.

"सर, लोन चालू है अभी!" गाडीखालून उत्तर आलं.

विल्माबाईंनी रोझरी हातात घेतली. कॅमिला काचेशी वाकली. "मम्मी, हा क्रिस्तोफर कधी आला?"

"यायचा तेव्हा आला."

कॅमिलानं नेलपॉलिश रिमूव्हर आणला. घासून घासून देव सुटला आणि खालच्या पट्टीवरचा नंबर दिसला. एडविन आईकडे असा बघत होता की विल्माबाईंनी पहिल्यांदाच मान खाली घातली.

आता संशय आलेले अलीमियाँ एकेक आकडा कागदाशी ताडू लागले. मग थांबले.

"ये पेपर तो दूसरी गाडी का है."

एडविननं कागद हिसकावला, वाचला, खाली बसला. गाडीच्या पासपोर्टसाठी त्यानं कॅमिलाच्या गाडीची मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, दिली होती.

"खलास," अलीमियाँ म्हणाले. "ठप्पा लग जाता, तो बॉर्डर पे गाडी जप्त."

आता नवे कागद बाप्तिस्म्याआधी होणं शक्य नव्हतं. विल्माबाईंनी क्रिस्तोफर पदराला पुसला आणि मान वर केली.

"मला शाळा नाही, तरी मला तुझी गाडी कळते. देवानं नंबर झाकला म्हणून तो कुणी वाचला तरी! ऊठ, विमानाची तिकिटं काढ. आणि बोंबील मी दुप्पट घेणार."