थोरली बोलत नाही

आमचे पाटणकरकाका यानांचं सुतक पाळतात.

म्हणजे अवकाशात सोडलेलं एखादं यान कायमचं बंद पडलं असं जाहीर झालं, की काकांच्या घरी तीन दिवस देवापुढे दिवा नाही, दाढी नाही, तळण नाही. माणसाला दहा दिवस, यंत्राला तीन, हा नियम त्यांचा स्वतःचा. शास्त्राधार विचारला तर म्हणतात, "ज्यांनी शास्त्र लिहिलं, त्यांच्याकडे रोव्हर होता का?"

मी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये नवा होतो तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. एका बुधवारी मराठी मंडळाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला. "कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आमचा ओपी मंगळावर गेला. इतक्या वर्षांची साथ सुटली. धुळीने घात केला. सुतक आहे."

सगळ्यांनी 'मंगळवारी गेला' असं वाचलं. आदला दिवस मंगळवारच होता. ओ. पी. म्हणजे काकांचा दिल्लीकडचा कॉलेजातला मित्र ओमप्रकाश असणार, असंही कुणीतरी ठरवून टाकलं. मित्राचं सुतक कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. परदेशात मित्र हेच नातेवाईक, असं आम्ही एकमेकांना समजावलं.

संध्याकाळी काकांच्या दारात गाड्यांची रांग लागली. कुणी पिठलं-भात आणला, कुणी वरण. मी बिनफोडणीची खिचडी घेऊन गेलो, कारण आमच्याकडे सुतकाच्या घरी तसंच नेतात. काका दाढी न करता सोफ्यावर बसले होते. आमच्यातले निवृत्त डॉक्टर साठे त्यांच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "धुळीचा त्रास जुनाच होता का?"

"होता. पण वाऱ्याने धूळ उडून जायची. ह्या वेळी वादळ मोठं होतं. पॅनलवर इतकी बसली की चार्जिंगच होईना."

डॉक्टरांनी काकांची नाडी पाहायला घेतली.

शेवटी सुधाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ओपी म्हणजे मंगळावरची गाडी आहे. सहा चाकांची," त्या म्हणाल्या. "बंद पडली. आता एवढं आणलंच आहे तर सगळे जेवून जा. मी आज काही केलेलं नाही."

आम्ही जेवलो. माझ्या खिचडीला काका म्हणाले, "नॉमिनल!"

हा त्यांचा खास शब्द. उड्डाणाच्या वेळी सगळं जसं हवं तसं चाललं असेल, तर कंट्रोल रूममधले लोक 'नॉमिनल' म्हणतात. त्यामुळे काकांच्या लेखी ह्याहून मोठी स्तुती जगात नाही. बाकीच्या जगाला मात्र नॉमिनल म्हणजे नावापुरतं, एवढंच ठाऊक. आमची मुलगी झाली तेव्हा काका हॉस्पिटलमध्ये आले, पाळण्यात वाकून पाहिलं आणि जोरात म्हणाले, "नॉमिनल!" माझी बायको स्मिता त्यांच्याशी महिनाभर जेवढ्यास तेवढं बोलत होती.

काका केमिकल इंजिनियर. सगळी नोकरी तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात झाली. आकाशाशी त्यांचा पगारी संबंध कधीच आला नाही. पण ह्यूस्टनच्या अवकाश केंद्रात ते इतक्या वेळा गेलेत, की दारावरचा माणूस त्यांना तिकीट न विचारता गुडघ्याची चौकशी करतो. गावात कुणाचेही आईवडील भारतातून आले की काका त्यांना तिथे घेऊन जातातच. नाही म्हणायची सोय नाही.

माझे आईवडील आले तेव्हाही नेलं. वडील चौथी शिकलेले, आमच्या तालुक्याच्या गावी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. मी घरातला पहिला पदवीधर. आमच्या शाळेत दुर्बीण होती ती विज्ञानाच्या पुस्तकातल्या चित्रात. त्यामुळे मला जरा धास्ती होती, की काका वडिलांपुढे इंग्रजी शब्दांचा पाऊस पाडतील आणि ते बिचारे मान हलवत राहतील. तिथे चंद्रावर माणसं नेणाऱ्या जातीचं एक महाप्रचंड रॉकेट आडवं ठेवलेलं आहे. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं मोठं आडवं का ठेवलंय?"

"दमलंय ते," काका म्हणाले.

वडिलांना ते लगेच पटलं. मग दोघं त्याच्या नळ्या आणि जोड बघत, एकमेकांना दाखवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. येताना वडील मला म्हणाले, "तुझे काका शिकलेले असून चांगले आहेत."

शास्त्रज्ञांबद्दल काका असे बोलतात, की ते शेजारच्या गल्लीत राहत असावेत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला पोटाचा विकार होता, कुणाचा शोध दुसऱ्यानेच लाटला, सगळं पाठ. आणि त्याचा उपयोग ते दुसऱ्यांच्या घरात करतात. एकदा आमच्याकडे जेवायला होते. जेवण झाल्यावर मी तसाच गप्पा मारत बसलो. काका म्हणाले, "जुन्या काळचे एक जर्मन ज्योतिर्विद. आईवर चेटकीण म्हणून खटला झाला. ह्या माणसाने तो स्वतः लढवला, आईला सोडवलं आणि ग्रहांच्या कक्षाही सोडवल्या. तुला डिशवॉशर लावता येत नाही?" तेव्हापासून स्मिताने त्यांचं ते 'नॉमिनल' माफ केलं.

पण काकांचा खरा जीव दोन जुळ्या व्हॉयेजर यानांवर. माणसाने केलेल्या वस्तूंमधल्या सगळ्यात लांब गेलेल्या त्या दोघी. काका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. मी एकदा सहज म्हणालो, "नंबर एक ती थोरली ना?"

"चूक. नंबर दोन आधी निघाली, म्हणून ती थोरली. नंबर एक मागून निघाली आणि जवळच्या वाटेने पुढे गेली. धाकट्या जातातच पुढे."

आणि दोन वर्षांपूर्वीच्या, नाही, जरा जास्तच झालं, त्या अधिक श्रावणात ही थोरली अचानक गप्प झाली.

तो महिना काकूंच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. काकांची एकुलती एक मुलगी अनघा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते. नवरा जॅक तिकडचाच, औषधांच्या कंपनीत आहे. लग्नानंतरचा त्यांचा हा पहिला अधिक महिना. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे काकूंनी वर्षभर आधी ठरवलेलं. जॅकलाही अनारसे ही काय वस्तू आहे याची उत्सुकता होती. अडचण एकच. अनघा काकांशी बोलत नव्हती.

अनघाने काकांच्या हौसेखातर अवकाशयानांचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. शेवटच्या वर्षी ते सोडून तिने बेकरी काढली. उद्घाटनाला काका-काकू गेले. तिथे जॅकच्या नातेवाइकांशी ओळख करून देताना काका हसत म्हणाले, "ही आमची फसलेली मोहीम." त्यांच्या मते तो विनोद होता. अनघा पेस्ट्रीचा ट्रे हातात धरून मागेच उभी होती. त्या दिवसापासून तिचा फोन आला तर काकूंना. आता वाणाला बोलावल्यावर ती आईला म्हणाली होती, "बाबाने स्वतः फोन केला तर येईन."

काका म्हणत, "आई बोलावते म्हणजे मीच बोलावतो की." आणि विषय थोरलीकडे नेत.

"झालंय काय नेमकं?" मी त्यांना विचारलं.

"तिच्यात काही बिघाड नाही रे. इथून चुकीचा हुकूम गेला. अँटेना पृथ्वीपासून दोन अंश ढळली. दोनच! पण तिथून दोन अंश म्हणजे काय होतं? ती बोलतेय, आपल्या दिशेला बोलत नाहीये."

"मग आता?"

"ऑक्टोबरात ती आपोआप तोंड वळवेल. तशी सोय करून ठेवलेली आहे. तोवर थांबायचं."

काकू तिथेच बसल्या होत्या. आठवड्यापूर्वीच अंगणात पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं, हात प्लास्टरमध्ये होता. "तुमचा ऑक्टोबर होईल सावकाश," त्या म्हणाल्या. "माझा अधिक ऑगस्टात संपतोय."

"घरात तळण नको गं इतक्यात. तिचं काही कळत नाही तोवर—"

"ती गेलेली नाही! गप्प आहे नुसती. गप्प बसलेल्यांचं सुतक धरायचं, तर ह्या घरात दीड वर्ष दिवा लागायला नको होता."

काका उठून बागेत गेले आणि कढीपत्त्याला पाणी घालत बसले. त्याला सकाळीच पाणी घातलेलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी मी घरून काम करत होतो. काका कुलूप न लावता, चपला न घालता आमच्या दारात. टेक्सासच्या उन्हात फरशी तापलेली, त्यामुळे ते एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर.

"ऐकलं तिने! थांबले नाहीत रे ते लोक. सगळ्यात मोठ्या अँटेनातून ओरडले. ऐकू जाईल की नाही माहीत नाही, तरी ओरडले. दीड दिवस वाट पाहिली आणि थोरली वळली!" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "चल. आज तळण करायचं. हिचा हात मोडलाय, मी तळणार. तू सोबत हवास."

अनारशांचं पीठ काकूंनी हात मोडायच्या आधी तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून केलं होतं. त्यात गूळ घालून गोळा मुरत ठेवायचं काम मात्र हात मोडल्यावर काकांनी केलं होतं, डिजिटल काट्यावर. काकू खुर्चीत बसून सूचना देत होत्या. काकांनी डोळ्यांना कारखान्यातला जुना गॉगल लावला. पहिला अनारसा खसखशीवर थापून कढईत सोडला. तो क्षणभर तुपात तरंगला आणि मग त्याचे तुकडे तुकडे होऊन सगळीकडे पसरले.

"हसला," काकू म्हणाल्या.

अनारसा तुपात विरघळून फुटला की तो हसला म्हणतात, हे मला आईमुळे माहीत होतं. दुसरा हसला. तिसरा तर कढईत पडायच्या आधीच हसला. काकांनी गॅस वाढवला, कमी केला, थर्मामीटर लावला. चौथाही हसला.

"अगं, काय करू?"

चाळीस वर्षं अनारसे करणारी ती बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला नाही बाई आठवत. अनघाला येतात. तिला विचारा."

काकांनी झाऱ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझे हात तुपाचे आहेत. माझा फोन घे, नंबर लाव." आणि त्यांनी नंबर सांगितला. दीड वर्षात एकदाही न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता.

मी स्पीकर लावून फोन धरला. पलीकडे बेकरीतला गलबला ऐकू आला.

"हॅलो? बाबा? इज आई ओके?"

"आई नॉमिनल आहे," काका म्हणाले. "अनारसे हसतायत."

"व्हॉट?"

"अनारसे. मी तळतोय. सगळे हसतायत."

"तू तळतोयस?" पलीकडचा गलबला कमी झाला. बहुतेक ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. "गूळ कोणी घातला?"

"मी."

"मोजून?"

"ग्रॅमवर."

"बाबा, तो हाताला समजतो, काट्याला नाही. पीठ सैल झालंय. थोडी तांदळाची पिठी मिसळ. थोडीच. आणि उलटू नकोस, खसखस वरच राहू दे, झाऱ्याने तूप उडव."

काकांनी पिठी मिसळली. पाचवा अनारसा सोडला. आम्ही तिघंही वाकून कढईत बघत होतो. तो थरथरला, स्थिर झाला आणि त्याला हळूहळू जाळी पडू लागली.

"राहिला?" फोनमधून आवाज आला.

"राहिला." काका कढईवरून नजर न काढता म्हणाले, "अनघा, पिठात काही खोट नव्हती गं. पीठ उत्तम होतं. चूक गूळ घालणाऱ्याची होती. माझी."

मी फोन त्यांच्या आणखी जवळ धरला.

"आधीचे किती हसले?" अनघाने विचारलं. आवाज जरा घोगरा होता.

"चार. नाही, तिसरा तर हातातच हसला. कढई बघायला घाबरला असेल."

आणि अनघा हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, काकूंसारखी, श्वास लागेपर्यंत.

काकांनी गॉगल कपाळावर सरकवला. तुपाच्या हातानेच माझ्याकडून फोन घेतला, स्पीकर बंद करायचा प्रयत्न करत मागच्या दाराने बागेत गेले. जाताना "तिकीट मी काढतो, जॅकला सुट्टी आहे का विचार" असं काहीतरी ऐकू आलं, मग दार लागलं.

कढईतला अनारसा काळा पडायला लागला होता. मी झारा घ्यायला पुढे झालो.

"असू दे," काकू म्हणाल्या. उठून त्यांनी डाव्या हाताने गॅस बंद केला आणि खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला. "जळू दे एखादा. बोलू दे त्यांना."