चाळीस पावलांवरची शिकार

एका जंगलात ही गोष्ट घडायला हवी होती. पण ते जंगल खालीच संपलं. वर चढता चढता झाडं खुजी झाली, मग नुसती झुडपं राहिली, मग गवत, आणि मग तेही गेलं. त्याच्याही वर जो डोंगर होता, तिथली ही गोष्ट आहे. जंगलाच्या आशेने बसलेल्यांनी आता उठू नये. वर हवा चांगली आहे.

तर मुलांनो, त्या डोंगरावर उभे कडे होते. खोल घळी होत्या. पाय ठेवला की आपल्यासकट खाली निघणारी दगडगोट्यांची उतरण होती. अशा ठिकाणी कोण राहणार? रानबोकड राहायचे. मागे वळलेली लांबलचक शिंगं मिरवत ते अशा कड्यांवरून फिरायचे की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत.

आणि त्या बोकडांवर जगणारा एक हिमबिबट्या राहायचा. त्यांचं नाव शेपटेराव. शेपूट जरा जास्तच लांब होतं, म्हणून मागे रावही लागलं. बायको ठिपकाबाई, दोन लहान पिल्लं आणि एक कोरडी गुहा, असा त्यांचा संसार होता.

शेपटेराव शिकारीत पटाईत होते. वरच्या कड्यावर दबा धरायचा, खालून बोकड निघाला की एक उडी मारायची. झालं. बोकड ओढत घरी आणला की ठिपकाबाई म्हणायच्या, "आणलात? पाय पुसून आत या." एवढंच कौतुक. हे शेपटेरावांना मनातून फार लागायचं. विश्वास नसेल तर तुमच्या बाबांना विचारा.

अशात एके वर्षी, थंडीच्या तोंडाशी, खालच्या मैदानातून एक शिकारी माणूस आला. त्याच्याकडे धनुष्यबाण होतं. अंगातल्या कपड्यांवर हिरवी पानं छापलेली होती. त्या उंचीवर एकही पान नव्हतं, त्यामुळे तो चार डोंगरांवरून दिसायचा. नऊ दिवस तो कड्यांवर रांगला. गुडघे फोडून घेतले. ओठ फाटले. चिमूट चिमूट राख हवेत सोडून वारा कुठला आहे ते बघायचा, आणि वारा लगेच बदलायचा. नवव्या दिवशी त्याने एकच बाण सोडला. तो दगडावर आपटला आणि बोकड निघून गेला.

शेपटेराव हे सगळं वरून बघत होते. त्यांना वाटलं, आता हा बिचारा रडणार. माणूस खरंच रडला, पण आनंदाने. बरोबरच्या वाटाड्याला म्हणाला, "काय जनावर होतं ते. त्याच्यापुढे मान झुकते. शिकार अशी असावी, त्यालाही संधी आणि आपल्यालाही." मग दोन तास तो त्या एका बाणाची हकीकत सांगत बसला. वाटाड्या सगळं समोर उभा राहून बघत होता, तरी त्यालाच सांगितली. उतरताना त्याचा पाय घसरला, धनुष्य आणि भाता घळीत गेले, तरी तो हसतच खाली गेला.

शेपटेराव त्या रात्रभर तळमळले. आपण आजवर शंभर बोकड आणले, पण सांगण्यासारखं काय आहे? दबा धरला, उडी मारली, पाय पुसले.

सकाळी ते घळीत उतरले आणि धनुष्य आणि भाता घेऊन आले.

आता अडचण काय होती ती नीट ऐका, कारण मी पुन्हा सांगणार नाही. खिंडीत पहिलं मोठं बर्फ पडायला पंधरा दिवस राहिले होते. त्याच्या आत बोकडांचा सगळा कळप खिंड ओलांडून पलीकडच्या उन्हाच्या अंगाला जायचा आणि वसंतापर्यंत परत यायचा नाही. पिल्लांना तेवढं चालवणार नव्हतं. म्हणजे त्या पंधरा दिवसांत एक मोठा बोकड बर्फात पुरून ठेवला, तरच पिल्लांचा हिवाळा निघणार होता. नाहीतर नाही. ठिपकाबाईंनी स्वतःच शिकारीला जायचं म्हटलं, तर वर गरुड घिरट्या घालत होता. पिल्लांपाशी कुणीतरी थांबायलाच हवं होतं, आणि शेपटेरावांना घरात बसवत नव्हतं.

"अगं, उडी मारून पकडणं ही काय शिकार झाली?" शेपटेराव म्हणाले. "त्यात जनावराचा मान राहत नाही."

"त्याचा मान राहू दे," ठिपकाबाई पिल्लाचा कान चाटत म्हणाल्या. "मांस कधी आणताय?"

"आणतो. मी आहे ना."

शेपटेरावांनी सराव सुरू केला. धनुष्य पुढच्या पंजात धरायचं, दोरी आणि बाणाची शेपटी दातांत पकडायची, मान मागे खेचायची आणि नेम लागला की तोंड उघडायचं. ज्या दातांनी काम दोन क्षणांत झालं असतं, त्याच दातांनी ते दोरी ओढत होते. पण ते जाऊ द्या. त्यांनी खाली झाडांपर्यंत उतरून एक वाळका बुंधा निवडला, चाळीस पावलं मोजली आणि तिथून चार दिवस बाण मारले. चौथ्या दिवशी बुंध्याला बाण लागला. चाळीस पावलांवर त्यांचा हात छान बसला. तीस पावलांवर बाण वरून जायचा आणि पन्नासवर पायाशी पडायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की चाळीस हेच योग्य अंतर आहे. आपल्याला जे जमतं त्यालाच नियम म्हणायची पद्धत बिबट्यांतही आहे.

पाचव्या दिवशी त्यांना शिंगाडे अण्णा दिसले. अण्णा म्हणजे कळपाचे प्रमुख. वय झालेलं, शिंगं सगळ्यांत मोठी, अंगाने भरलेले. एकटे अण्णा मिळाले असते तर पिल्लांचा हिवाळा निघून वर पाहुणेही जेवले असते. ते बरोबर चाळीस पावलांवर चरत होते. शेपटेरावांनी राख उडवली. वारा ठीक होता. दोरी दातांत घेतली, मान मागे खेचली.

अण्णांनी वर पाहिलं. "रामराम, शेपटेराव."

शेपटेराव चांगल्या घरातले होते. "रामराम, अण्णा," ते म्हणाले.

तोंड उघडल्यावर व्हायचं तेच झालं. बाण अण्णांच्या पाठीवरून दरीत गेला.

"हे काय होतं?" अण्णांनी विचारलं.

"शिकार."

"कुणाची?"

"तुमचीच."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. "मग उडी का नाही मारलीत? नेहमी मारता."

"ते आता सोडलं. त्यात तुम्हाला संधी मिळत नाही."

अण्णांचे डोळे भरून आले. आयुष्यभर त्यांना बिबट्याने नुसतं खायचंच बघितलं होतं. आपला विचार करणारा बिबट्या ते पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवसापासून शेपटेरावांचा एकही बाण हरवला नाही. बोकड तो शोधून एका ठरलेल्या दगडावर ठेवून जायचे. तरुण बोकड मुद्दाम चाळीस पावलांवर उभे राहायचे आणि बाण गेला की म्हणायचे, "थोडक्यात हुकला हं." शिंगाडेकाकू, म्हणजे अण्णांची बायको, तेवढ्या कुरकुर करायच्या. "अहो, काही झालं तरी तो बिबट्या आहे."

"होता," अण्णा म्हणायचे. "आता तो खेळाडू आहे."

अकराव्या दिवशी मात्र प्रसंग आला. धुकं उतरलं होतं. एका हातभर रुंदीच्या वाटेवर, एका वळणाला, शेपटेराव आणि अण्णा समोरासमोर आले. मधे सहा पावलं. अण्णांच्या मागे कडा, उजवीकडे कडा, डावीकडे दरी. अण्णांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात काकूंचा निरोप घेतला.

"एक मिनिट हं," शेपटेराव म्हणाले, आणि मागे मागे जाऊ लागले. "सात. आठ. नऊ. हलू नका."

अण्णा हलले नाहीत. शेपटेराव तेविसाव्या पावलाला वळणाआड गेले, चोविसाव्याला उतरणीवर आले आणि पंचविसाव्याला दगडगोट्यांबरोबर थेट खालच्या ओढ्यात पोचले.

वरून अण्णांचा आवाज आला. "लागलं नाही ना?"

शेपटेराव लंगडत घरी आले. आज सांगायला केवढी मोठी हकीकत होती. त्यांनी सुरुवातही केली. "अगं, सहा पावलांवर होते, पण मी म्हटलं..."

"धाकटा आज उठला नाही," ठिपकाबाई म्हणाल्या. "सकाळी एक उंदीर मिळाला तो दोघांत दिला. थोरल्याने खाल्ला. याने नुसता हुंगला."

शेपटेरावांनी धाकट्याला नाकाने हलवून पाहिलं. पिल्लू इतकं हलकं लागलं की नाकाच्या धक्क्यानेच ते कलंडलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, आणि ते म्हणणारच होते की उद्या धनुष्य घरी ठेवतो. पण तेवढ्यात समोरच्या कड्यावरून अण्णांनी हाक दिली.

"शेपटेराव, परवा आम्ही खिंड ओलांडतोय. म्हणून उद्या दुपारी खालच्या कुरणात तुमचा सत्कार ठेवलाय. सहकुटुंब यायचं."

शेपटेरावांची लाज जागच्या जागी विरली. मुलांनो, सत्कार ही चीजच अशी आहे.

"मी काय बोलू तिथे?" ते फेऱ्या मारत म्हणाले. "थोडक्यात बोलावं की सविस्तर?"

"सहकुटुंब म्हणजे पिल्लांनाही आणायचं ना?" ठिपकाबाईंनी विचारलं.

"अर्थात."

"आणि बोकड किती येणार?"

"सगळे. अख्खा कळप."

"येते मी," ठिपकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कुरणात चपटे दगड मांडले होते. मधला दगड अण्णांचा, उजवीकडचा शेपटेरावांचा. डावीकडे अण्णांनी आणखी एक दगड लावायला सांगितला, तेव्हा शिंगाडेकाकू म्हणाल्या, "अहो, त्या बाईंना कशाला? त्यांना कुठे धनुष्य येतं?"

"असं कसं," अण्णा म्हणाले. "बायकोला खाली बसवलं तर चार लोक काय म्हणतील?"

पिल्लं पुढच्या रांगेत बसवली. धाकट्याला थोरल्याला टेकवून बसवलं. कळप अर्धगोलात बसला. अण्णांनी घसा खाकरला.

"आजवर आपल्याकडे पुष्कळ शिकारी येऊन गेले," अण्णा म्हणाले. "कुणी चपळ होते, कुणी भयंकर होते. पण आपल्याला माणुसकीने वागवणारा शिकारी हा पहिलाच. सात दिवसांत यांनी आपल्यावर तेहेतीस बाण सोडले. एकही लागला नाही. याला म्हणतात संयम."

सगळ्यांनी खूर आपटले. अण्णांनी वाळक्या गवताचा हार शेपटेरावांच्या गळ्यात घातला. शेपटेरावांना हुंदका आवरेना. आपल्या कामाचं चीज झालं असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

"आणि यांच्या मागे," अण्णा म्हणाले, "खंबीरपणे उभ्या असलेल्या सौ. ठिपकाबाई. त्यांचाही सत्कार करू या."

दुसरा हार घेऊन अण्णा डावीकडे वळले. ठिपकाबाई दगडावर पाय जुळवून शांत बसल्या होत्या. समोरच्याच्या गळ्यात हार घालायचा तर आपली मान पुढे करावी लागते. अण्णांनी ती केली.

ठिपकाबाईंनी फक्त तोंड उघडलं आणि मिटलं.

एवढंच झालं. अण्णांना फारसं कळलंही नसेल. कळप क्षणात उधळला आणि एक दिवस आधीच खिंडीपार गेला. कुरणात नुसते दगड राहिले.

शेपटेराव हार घालून उभेच होते. खरंच सांगतो, त्यांना फार वाईट वाटलं. अण्णांइतकं चांगलं त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. "अगं, हे काय केलंस?" ते म्हणाले. "किती पावलांवरून?"

"मोजली नाहीत," ठिपकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आधी धाकट्याला पुढे ओढलं.

धाकटा आधी नुसता हुंगत होता. मग त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. मग तो थोरल्यावर गुरगुरला. ते ऐकून ठिपकाबाई जरा बाजूला गेल्या आणि तोंड फिरवून बसल्या. इतके दिवस त्या रडल्या नव्हत्या.

शेपटेरावांनी जाहीर केलं की या मांसाला आपण शिवणार नाही. ते सूर्य मावळेपर्यंत शिवले नाहीत.

पुढे हिवाळाभर शेपटेराव आल्यागेल्या प्रत्येकाला त्या शिकारीची हकीकत सांगत. तीत धुकं होतं, हातभर वाट होती, उलटा वारा होता आणि चाळीस पावलं होती. सत्कार तेवढा नव्हता. पिल्लं तोंडाचा आ करून ऐकत. ठिपकाबाई बोकड पुरलेल्या जागेवर बसलेल्या असत.

वसंतात बोकड परत आले. त्यांनी शोकसभा घेतली. सगळ्यांचं एकमत झालं की शेपटेराव देवमाणूस आहेत, बाईंकडे तेवढी खिलाडूवृत्ती नाही. दर वर्षी, खिंड ओलांडण्याच्या आदल्या दिवशी, अण्णांच्या स्मरणार्थ एका गुणी शिकाऱ्याचा सपत्नीक सत्कार करायचा, असाही ठराव झाला. पहिलं नाव एकमताने शेपटेरावांचंच निघालं.

तात्पर्य: तुम्ही म्हणाल, बिबट्याने बिबट्यासारखं राहावं, माणसाची नक्कल करू नये. मुळीच नाही. शेपटेरावांनी धनुष्य उचललं नसतं तर सत्कार झाला नसता, आणि सत्कार झाला नसता तर कुठल्या बोकडाने आपण होऊन मान पुढे केली असती? म्हणून घरात एकाने तरी तत्त्वाने वागावं, म्हणजे दुसऱ्याला जेवण मिळवता येतं. तुमच्यात कुणी बोकड असेल तर त्याने एवढंच लक्षात ठेवावं: तत्त्वनिष्ठ शिकाऱ्याचा सत्कार खुशाल करावा, पण त्याच्या बायकोची खुर्ची मांडू नये.