बेरिल आजींचा टीटीएफएन

निरोप कसा द्यावा, हे आमच्या क्वेकर्स हिल उपनगरात कुणीही माझ्याकडून शिकावं! आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आणि एवढी अक्कल गोऱ्यांनाही आहे, हा माझा स्वतःचा शोध! शेजारच्या बेरिल आजी जन्माने लंडनच्या, नव्वदीपुढच्या. कुंपणावरून रोज ओरडायच्या, "टीटीएफएन!" म्हणजे 'टा-टा फॉर नाऊ'. आत्तापुरता टाटा! दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या रेडिओवर एक विनोदी कार्यक्रम लागायचा. त्यातली कामवाली बाई निघताना असं म्हणायची. बॉम्ब पडायच्या त्या दिवसांत ते अख्ख्या देशाच्या तोंडी बसलं. थोडक्यात काय, आपलं 'येते हं'!

तर आजी घर विकून लेकीकडे पर्थला निघाल्या. आमच्या मांजराला मांडीवर घेऊन त्यांचा आमच्याकडे चहा झाला. मी रीतसर त्यांच्या हातावर दही घातलं. "हाऊ लव्हली!" म्हणत आजींनी ते दोन्ही कोपरांना चोळलं. त्यांना वाटलं, क्रीम!

"आता म्हणा, टीटीएफएन!"

आजींनी माझा गाल थोपटला. "गुडबाय, लव्ह."

"गुडबाय नाही हो!"

"या वयात ते खोटं होईल, लीना. मी परत कुठली येतेय?"

टॅक्सी गेली. मी फुटपाथवरच भोकाड पसरलं.

"अगं, फोन आहे ना!" माझा नवरा उल्हास म्हणाला. फोनवर काय डोंबल दही देणार?

आणि टॅक्सी परत! आजींची कवळी आमच्या बेसिनवर राहिली होती. पण निघालेलं माणूस मागे फिरलं, की बसून पाणी प्यायल्याशिवाय जात नाही. बसवलं, पाजलं. पाण्यामुळे बाथरूम. बाथरूममध्ये चष्मा राहिला. गाडीपासून मागे! पुन्हा बसा, पुन्हा पाणी, पुन्हा बाथरूम! पंजाबी ड्रायव्हर हॉर्नवर आडवा. "आंटीजी, फ्लाइट गई!"

खरंच गेली. लेकीचा फोन आला. "मम, तुला किडनॅप केलंय का?"

"हो डार्लिंग. पाणी पाजून मारतायत!"

आजी त्या रात्री आमच्याकडेच राहिल्या.

सकाळी दुसरी टॅक्सी आली. मी बॅगा डिकीत ठेवायला लागले. पुन्हा 'गुडबाय' ऐकायचा धीर नव्हता. आजींनी काच खाली केली.

"काल गुडबाय म्हटलं, तरी परत आलेच की! मग हे म्हणायला काय हरकत आहे?" आणि गल्ली दणाणली, "टीटीएफएन!"

मी डोळे पुसत वाटी घेऊन धावले. "आजी, दही!"

"नो, लव्ह! तुझं मांजर रात्रभर माझी कोपरं चाटत होतं!"